कोरा उंबरा

वासुदेवरावांना ताप आलाय ही गोष्ट त्या दिवशी जगात एकट्या वासुदेवरावांना ठाऊक होती, आणि ती तशीच राहावी म्हणून त्यांनी पहाटे पाचपासून कंबर कसली होती. कंबर कसली हे आपलं म्हणायचं. खरं तर कंबरच धरली होती. घसा बसला होता, डोळ्यांतून वाफा निघत होत्या, आणि डोकं एवढं जड झालं होतं की उशीवरून उचलायला दोन माणसं लागली असती. घरात माणूस एकच, आणि तोही डोक्याचा मालक.

चामराजपेटेतलं त्यांचं घर बोळासारखं लांबट. पुढचं तोंड मोठ्या रस्त्यावर, तिथं दुकान. मागचं तोंड गल्लीत, तिथं उंबरा, तुळस आणि रोजची रांगोळी. मधल्या दोन खोल्यांत पूर्वी चार माणसं, दोन शिलाई मशिनं आणि एक रेडिओ राहत असे. आता वासुदेवराव राहतात आणि रेडिओ राहतो. त्यातला रेडिओ बंद आहे.

दुकान पेट्यांचं. लोखंडी पेट्या नव्हेत. डोक्यावरचा मैसूर पेटा. बेंगळूरात कुणी निवृत्त झालं, कुणी निवडून आलं, कुणाचा पोरगा पहिला आला, की शाल, हार आणि पेटा ठरलेलाच. पुठ्ठ्याचं कडं करायचं, त्यावर रेशमी कापडाच्या निऱ्या गोंदानं बसवायच्या, वरून जरीची पट्टी. लाकडाच्या ठोकळ्यावर रात्रभर वाळवायचं. वासुदेवरावांच्या वडिलांनी हे सुरू केलं, ह्यांनी चाळीस वर्षं चालवलं. मापाचा त्यांचा एक नियम होता: सांगितल्यापेक्षा अर्धा इंच मोठा करायचा. सत्काराच्या दिवशी माणसाचं डोकं तेवढं वाढतंच, असं ते गंभीरपणे सांगत.

आता तापाचं एवढं गुपित का, तर मुलगा. हर्ष कारवारला असतो, नोकरी तिथली, बायको केतकी तिथल्याच शाळेत शिकवते, आणि फ्लॅटच्या गॅलरीतून समुद्र दिसतो. गणपतीच्या दिवसांत वासुदेवरावांना न्हाणीघरात चक्कर आली होती. तासभर ते तिथंच बसून होते. हर्ष रातोरात बस धरून आला, आणि जाताना म्हणाला, "अण्णा, आता शेवटचं सांगतो. परत असे एकटे आजारी पडलात ना, तर दुकानाला कुलूप घालून तुम्हाला उचलून कारवारला नेणार. मग रडू नका."

हर्ष बोलतो तसं करतो. हा दोष त्याला आईकडून आला होता.

कारवारला वासुदेवराव मागच्या वर्षी आठ दिवस राहून आले होते. त्यांचं मत असं झालं की समुद्राला बोलणं थांबवायची सवय नाही. शिवाय तिथं गोंद वाळत नाही. हौसेनं एक पेटा करायला घेतला, तर तीन दिवसांनीही तो भिजलेल्या पोळीसारखा लोंबत होता. सून चांगली, मासळीच्या वासाची सवय झाली असती, पण ज्या गावात गोंद वाळत नाही तिथं आपण काय करायचं, हे त्यांना आठ दिवसांत कुणी सांगितलं नाही. सकाळी बसायचं आणि समुद्राकडे बघायचं. समुद्र काही ह्यांच्याकडे बघत नव्हता.

तर ताप लपवायचा होता. त्यात अडचणी दोन. एक, रोज सकाळी साडेआठला हर्षचा व्हिडिओ कॉल येई. दुसरी अडचण जास्त अवघड, ती म्हणजे रांगोळी.

हर्षची आई तुंगाबाई होत्या तोवर दारात रांगोळी त्या काढत. त्या गेल्यावर उंबरा कोरा राहिला. ह्या भागात दारात रांगोळी नाही म्हणजे घरात काहीतरी अशुभ घडलंय, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. सुतकाचे दिवस संपले, महिने गेले, तरी लोक दारावरून जाताना आवाज खाली करत. नवा दूधवाला तर आत्ताच कुणी गेलंय असं समजून हळहळून गेला. शेवटी वासुदेवरावांनी स्वतःच डबा हातात घेतला. निऱ्या मोजायची सवय असलेल्या माणसाला ठिपके काय जड? गल्लीतल्या बायका आठ दिवस पदराआड हसल्या आणि नवव्या दिवशी नमुना उतरवून घेऊन गेल्या. कारवारचे आठ दिवस सोडले तर चार वर्षांत एक दिवस खाडा नव्हता. त्यात आता धनुर्मास चाललेला. ह्या महिन्यात पहाटे प्रत्येक दारात हातहातभर रांगोळ्या पडतात. त्यांच्या ओळीत एकच उंबरा कोरा राहिला, तर पडलेल्या दातासारखा दिसणार.

आणि तो आधी दिसणार यल्लव्वाला. यल्लव्वा गल्लीच्या तोंडाशी फुलं विकायला बसते. अथणीकडची बाई, नवऱ्यामागं बेंगळूरला आली, नवरा गेला तरी टोपली सोडली नाही. गणपतीत आलेल्या हर्षनं जाताना तिला आपला नंबर दिला होता आणि काही कमीजास्त वाटलं तर लगेच फोन करायचा शब्द घेतला होता. वासुदेवरावांना हे कळल्यापासून ते तिला मनात 'हेर' म्हणत आणि रोज तिच्याकडूनच एक मोळं, म्हणजे हातभर, शेवंती घेत.

म्हणजे हिशेब सरळ होता. उंबरा कोरा, की यल्लव्वा. यल्लव्वा, की हर्ष. हर्ष, की समुद्र.

म्हणून पहाटे सहाला ते शाल गुंडाळून उठले. भिंत धरत मागच्या दाराशी आले, कडी काढली. बाहेर धुकं होतं, देवळातला भोंगा गात होता, आणि थंडी थेट हाडांत शिरली. डबा घेऊन ते वाकले मात्र, अख्खी गल्ली जात्यासारखी फिरली. ते उंबऱ्यावर बसले. बसल्या बसल्या एक ठिपका ठेवला. दुसरा ठिपका पहिल्यापासून वीतभर लांब पडला. तिसरा कुठं पडला ते दिसलंच नाही. हाताच्या तळव्यानं त्यांनी तो सगळा पसारा पुसला, कसंबसं आत आले, कडी लावली आणि अंथरुणात कोसळले. डबा बाहेरच राहिला.

"संपलं," ते आढ्याला म्हणाले.

आता निदान साडेआठचा कॉल तरी सांभाळायला हवा होता. कपाळावर ओली पट्टी ठेवली होती, ती काढली की डोकं फुटायला येई. पट्टी ठेवून कॉल घेतला तर पोरगा आंधळा थोडाच होता. विचार करता करता त्यांची नजर समोरच्या फळीवर गेली. रविवारच्या समारंभाचे बारा पेटे तिथं ओळीनं वाळत बसले होते. वासुदेवरावांच्या धंद्यात चाळीस वर्षांत जे कुणाला सुचलं नव्हतं ते त्यांना तापात सुचलं. त्यांनी एक लाल पेटा उचलला आणि ओल्या पट्टीवरून डोक्यावर चढवला. अर्धा इंच मोठा असल्यामुळे चपखल बसला.

फोन वाजला.

"अण्णा! हे काय? कुणाचा सत्कार?"

"माझाच," वासुदेवराव म्हणाले. "माप बघतोय. नागराजची ऑर्डर आहे."

"आवाज काय झालाय तुमचा?"

"थंडी आहे इथं. तुमच्यासारखं चिकचिक नाही. आवाज असाच असतो थंडीत."

"जेवताय ना नीट?"

"नीट म्हणजे काय, चमच्यानं? जेवतोय."

हर्ष हसला. मग त्यानं रोजच्यासारखा फोन फिरवला आणि साडीचा काठ दाखवावा तसा समुद्र दाखवला. "बघा, आज कसा निळा आहे. केतकी म्हणते, अण्णांना विचार, केव्हा येणार."

"सांग तिला, रविवारनंतर बघू," असं वासुदेवराव गेलं वर्षभर सांगत आले होते. आजही सांगितलं. कॉल चार मिनिटं चालला, आणि चारही मिनिटं त्यांनी मान सरळ ठेवली. फोन बंद झाल्यावर पेटा काढला तर आतला पुठ्ठा ओला, निऱ्या सुटलेल्या, आणि लाल रंग उतरून कपाळभर पसरलेला. पेटा गेला होता. पण पोरगा फसला होता. वासुदेवरावांनी एक तापाची गोळी घेतली आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

अकराच्या सुमारास पुढचं दार धडधडलं. नागराज आला होता. हा सत्कार समितीचा चिटणीस. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि समितीच्या बैठकीत दोन्ही एकदम बोलणारा. वासुदेवरावांनी दाराची फळी अर्धी उघडली.

"काय अण्णा, पूजा जोरात झाली वाटतं!" नागराज त्यांच्या लाल कपाळाकडे बघत म्हणाला. "धनुर्मास म्हणजे असंच पाहिजे. माझ्या घरी बघा, कुणी आंघोळसुद्धा वेळेवर करत नाही."

वासुदेवराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "हं," एवढंच म्हणाले.

नागराजनं पेटे मोजले. "अकराच? बारा मास्तर आहेत, अण्णा."

"एक बिघडला."

"अय्यो. सरी, सरी, चालेल. स्वल्प, थोडंसं ॲडजस्ट करू. एका मास्तरांना नुसत्या शालीवर भागवू. गणिताचे आहेत ते मोजून भांडतील. चित्रकलेचे आहेत त्यांना देऊ शाल." आणि मग तो मांडव, माईक, उपीट की केसरीभात ह्यावरचं समितीतलं भांडण, आणि मुख्य पाहुण्यांच्या येण्याचा भरवसा, असं सगळं उभ्या उभ्या सांगत राहिला. वासुदेवरावांनी चौकट दोन्ही हातांनी धरली. मनात ते म्हणत होते, ह्याला कळू नये. आणि दहा मिनिटांनी म्हणू लागले, ह्याला कळत कसं नाही?

"चला, बरे आहात ना?" नागराजनं स्कूटर सुरू करता करता विचारलं, आणि उत्तरासाठी थांबला नाही.

ते परत आत आले आणि मागच्या दाराकडे कान लावून पडले. आता येईलच. यल्लव्वानं सकाळीच बघितलं असणार. फोन केला असणार. हर्ष कामात असेल, जेवायच्या सुट्टीत करेल. त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. पाठीत उसण भरली. रांगोळीची पूड संपली. दूधवाल्याचा पाय पडून पुसली. तिन्ही उत्तरं चांगली होती, तिसरं तर फारच.

एक वाजला. फोन आला नाही.

कुकर लावायची ताकद नव्हती. कालच्या भातात गरम पाणी आणि मीठ घालून त्यांनी तो चार घास खाल्ला. तोंडाला चव नव्हती. शेजारच्या घरातून अवरेकाईच्या साराचा वास येत होता. ह्या दिवसांत तुंगाबाई पावट्यासारख्या त्या शेंगांचा डोंगराएवढा ढीग सोलत बसत आणि नवऱ्याला दाणे दाबून काढायला लावत. पेटे करणारी बोटं नाजूक असतात, ही नवऱ्याची सबब त्यांनी कधी चालू दिली नाही. ताप आला की मिरीचं पाणी पुढ्यात ठेवून त्या समोर बसत, आणि भांडं रिकामं होईपर्यंत उठत नसत. बोलत काही नसत. नुसत्या बघत. तेव्हा वासुदेवरावांना त्याचा जाच वाटायचा.

तीन वाजले. गल्लीतून भंगारवाला गेला. शाळा सुटून पोरं गेली. कुणीतरी दाराशी थांबलं असं वाटलं, पण ते चप्पल झटकायला थांबलं होतं.

मग वासुदेवरावांना राग आला. चार वर्षं! चार वर्षांत एकदा खाडा नाही, आणि आज उंबरा कोरा पडलाय तर एवढ्या गल्लीत एका माणसाला विचारावंसं वाटू नये? नमुने उतरवून नेताना बऱ्या येत होत्या! त्या हेर बाईला तर शब्द दिला म्हणून तरी लाज वाटायला हवी होती. पकडले जाऊ नये म्हणून सकाळपासून केवढी खटपट केली होती, आणि आता पकडायलाच कुणी येत नव्हतं. त्यांनी कूस बदलली. डोळ्यांतून पाणी आलं ते तापाचं होतं, असं त्यांनी ठरवलं.

सहाच्या सुमारास घाम सुटून ताप थोडा उतरला. तुळशीपाशी दिवा तरी ठेवावा म्हणून ते उठले. कडी काढली, दार उघडलं, आणि दिवा हातातच राहिला.

उंबऱ्यासमोर रांगोळी होती.

त्यांची नव्हती. ठिपके नव्हते. सरळ हातानं ओढलेलं मोठं कमळ, अथणीकडच्या सणाला काढतात तसं, एक पाकळी दुसरीपेक्षा जाड. मधून सायकलचं चाक गेलेलं. कडेला त्यांचाच पुडीचा डबा, झाकण नीट लावून ठेवलेला.

गल्लीच्या तोंडाशी यल्लव्वा टोपली आवरत होती. वासुदेवराव भिंतीच्या आधारानं तिथवर गेले.

"यल्लव्वा, माझ्या दारात रांगोळी कुणी काढली?"

"कोण काढणार? ह्या गल्लीत फुकटची कामं करणारी मी सोडून दुसरी हाय काय कोण?" ती मान वर न करता म्हणाली. "सातला आलो तर डबा उघडा पडलेला. कुत्र्यानं तोंड घातलं असतं."

"मग दार का नाही वाजवलं?"

"वाजवलो असतो तर तुम्ही उघडला असता. उघडला असता तर तोंड बघायला लागलं असतं. तोंड बघून हर्षला फोन न करता कसं राहणार? शब्द दिलाय मी, रेणुकेची आण घातल्या. तुम्हाला तर त्या समुद्राला जायचं नाही." तिनं आता वर बघितलं. "न बघितलेलंच बरं की, अण्णा. मोकळा उंबरा बघून बाकीच्या बाया धावल्या असत्या. म्हणून ओढलो चार रेघा."

वासुदेवरावांना हसू आलं, खोकलाही आला. "हेर कसली तू. आणि मी आत मेलो असतो तर?"

"खोकत होता की! मी कान लावून ऐकलो. मेलेलं माणूस खोकतंय होय?"

"ते सातला. दुपारी?"

यल्लव्वाचे हात थांबले. दोऱ्याचं टोक बोटाला तसंच गुंडाळलेलं राहिलं.

"दुपारी मी मार्केटात गेलतो," ती हळूच म्हणाली. "फुलं आणायला. तीनला आलो. रांगोळी बघितलो, म्हटलं, हाय सगळं नीट." आणि ती रांगोळी आपणच काढलीय, हे बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं असावं.

दोघंही त्या कमळाकडे बघत राहिले. चांगली रांगोळी होती. दिवसभर आल्यागेल्याला सांगत होती की ह्या घरात सगळं क्षेम आहे. दूधवाल्यानं तिच्यावर विश्वास ठेवला होता, शेजारणीनं ठेवला होता, चप्पल झटकणाऱ्यानंही ठेवला असणार. आत काहीही झालं असतं, तरी तिनं उद्या सकाळपर्यंत तेच सांगितलं असतं. आणि सकाळचा लाल पेटाही तेच सांगत होता, कारवारपर्यंत.

"बसची वेळ झाली," यल्लव्वा म्हणाली. टोपली कमरेवर घेतली, दोन पावलं गेली आणि वळली. "कपाळाला काय लागलंय?"

"रंग."

"मी बघितलो नाही," ती म्हणाली आणि बनशंकरीच्या बसकडे गेली. जाताना तीनदा वळून बघितलं.

वासुदेवरावांनी परत येऊन दिवा तुळशीपाशी ठेवला. मग उंबऱ्यावर बसून फोन काढला. संध्याकाळी त्यांनी मुलाला कधी फोन केला नव्हता. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अण्णा? काय झालं?"

"ताप आहे," वासुदेवराव म्हणाले. "सकाळपासून."

पलीकडे मागं समुद्र, आपला रोजच्यासारखा बोलत असलेला.

"किती आहे?"

"मोजला नाही. मोजला असता तर आकडा सांगावा लागला असता."

"पण सकाळी तर तुम्ही पेटा घालून..." हर्ष थांबला. मग कळल्यासारखा म्हणाला, "आत काय होतं?"

"ओली पट्टी."

हर्ष हसला नाही. हसला असता तर वासुदेवरावांना बरं वाटलं असतं. "रात्रीची गाडी धरतो," तो म्हणाला. "सकाळी सहाला पोचेन. आणि ह्या वेळी, अण्णा..."

"ते तू आल्यावर."

"नाही, ते आत्ताच..."

"तिथं गोंद वाळत नाही, हर्ष."

"माहीत आहे," हर्ष म्हणाला. मग म्हणाला, "पंखा लावून बघू."

अंधार पडत होता. गल्लीत एकेक दिवा लागत होता, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. वासुदेवरावांनी पायाच्या अंगठ्यानं त्या जाड पाकळीची कड जरा सारखी केली, आणि मग हात टेकून पुढं वाकले नि तळव्यानं ते कमळ मधोमध पुसायला लागले.

"ऐक," ते फोनमध्ये म्हणाले. "मागच्या दारानं ये. उद्या उंबऱ्यावर रांगोळी नसेल. घाबरू नकोस. मी आत असेन."

पुसून झाल्यावर ते उठले, डबा घेऊन आत गेले, आणि दार नुसतं लोटून घेतलं. कडी लावली नाही.